नळीखालची पेन्सिल

मार्चमध्ये आलेले ते पत्र ऑक्टोबर उजाडला तरी लोवेल टॅकेटच्या पक्ष्यांच्या पुस्तकातच होते. चौतीस वर्षे त्याने केंटकीतल्या एका डोंगराळ भागातल्या कचेरीत जमिनींचे दस्त नोंदवले होते आणि एकही कागद उत्तरावाचून पडू दिला नव्हता. हे एकच राहिले.

पत्र पलीकडच्या खोऱ्यातल्या नोर्मा पेल्फ्रीचे होते. तिने लिहिले होते, 'आमच्या खापरपणजोबांची ठासणीची बंदूक वाईट दिवसांत विकली गेली होती. हार्लन गॉफ यांनी ती शोधून बाबांना विकली. बाबा एक्याण्णव वर्षांचे आहेत. रोज संध्याकाळी ती मांडीवर घेऊन बसतात. पण परवा मला म्हणाले, खरी असेल ना गं? तुम्हाला जुन्या बंदुका कळतात असं ऐकलं. बाबांना खोटा दिलासा नको आहे. फोटो पाठवते आहे.'

फोटो पाहताक्षणी लोवेलने आपल्या हातचे काम ओळखले होते. दस्त्यावरच्या पितळी झाकणाची डावी कड जरा वाकडी होती. पटाशी निसटली तेव्हा तो स्वतःशीच चरफडला होता.

ती बंदूक टपालाने आलेल्या सुट्या भागांच्या पेटीतून त्याने जुळवली होती. मेपलचा जाडाभरडा दस्ता तासून बारीक केला, तेजाब लावून विस्तवावर धरला, तेव्हा लाकडातले वाघपट्टे वर आले. नळीला मुद्दाम गंज चढवला, घासला, पुन्हा चढवला. शेवटी नळीवरचा कारखान्याचा शिक्का कानशीने घासून टाकला. छंदातले सगळेच हे करतात. नवी बंदूक जुनी दिसावी एवढीच हौस. पुढे बायको, व्हर्ना, गेल्यावर त्याने ती अग्निशमन दलाच्या मदतीसाठी काढलेल्या सोडतीला देऊन टाकली. ती गॉफला लागली.

पत्र आल्यावर पहिले आठ दिवस लोवेल चक्क फुलून गेला होता. आपल्या हातची वस्तू पावणेदोनशे वर्षांची वाटावी! मग त्याला स्वतःचीच लाज वाटली, आणि लाजेपायी उत्तर राहिले ते राहिलेच.

आज शनिवारची नेमबाजी आटोपून ठासणीच्या बंदुकांच्या क्लबाच्या खोपटात सगळे घेवडा आणि मक्याची भाकरी खात होते. क्लबाचा अध्यक्ष गॉफ त्याच्या शेजारी येऊन टेकला.

"काय म्हाताऱ्या, हात चालतात ना अजून? तसलीच आणखी एक करून दे की. अन् शिक्का घासायचा विसरू नकोस हं."

"तसलीच म्हणजे?"

"पेल्फ्रीच्या थेरड्याला दिली ना, तसली. गिऱ्हाईक तयार आहे. त्यालाही पणजोबा पाहिजेत!" गॉफ हसला. टेबलाभोवतीचे दोघेतिघे हसले.

लोवेलचा चमचा ताटलीवर आपटला. "ती मी आगीच्या बंबासाठी दिली होती, हार्लन. म्हाताऱ्या माणसाला फसवायला नव्हती दिली!"

"फसवायला? मी फक्त म्हटलं, बघा, तुमचीच असेल नसेल. तो रडायलाच लागला. रडणाऱ्याला काय नाही म्हणू?"

"हो! नाही म्हणायचं! तेवढं एकच तर म्हणायचं होतं तुला!"

"अरे बापरे," कोपऱ्यातून बर्ट कोम्ब्स म्हणाला, "लोवेलला आवाज आहे होय!"

या वेळी कुणी हसले नाही. गॉफ खाली वाकून सावकाश म्हणाला, "आणि कानस कुणी चालवली रे, शहाण्या? मी?"

लोवेलने ताटली बाजूला सारली. तो टोपी घेऊन उठला. मोटारीत बसून घराकडे निघाला. आपल्या दोन हिवाळ्यांच्या कष्टांवर त्या माणसाने खोट्याचे दुकान मांडले होते, आणि आपण सात महिने पुस्तक मिटून बसलो होतो. गॉफचा राग येत होता. स्वतःचा त्याहून जास्त.

घरी येऊन त्याने कागद घेतला. तीन खर्डे फाडले. चौथ्यात लिहिले:

'बंदूक तुमच्या घराण्याची नाही. ती मी बनवली. शिक्का मीच घासला होता. हौसेने घासला, पण तुमच्या वडिलांची फसवणूक झाली ती त्यामुळेच. गॉफसमोर हे पुन्हा बोलायला मी तयार आहे. माझ्या शब्दावर विसंबू नका. आधी नळीत गज घालून ती भरलेली नाही याची खात्री करा. मग घोडा अर्धा ओढून दस्त्यातल्या दोन पाचरी बाहेर ठोका आणि नळी उचला. खालच्या खाचेत पेन्सिलीने लिहिलेले दिसेल: "लोवेलने बनवली. पेटीतून आली, तरी दोन हिवाळे लागले. व्हर्ना." हे अक्षर माझ्या बायकोचे आहे. वडिलांनी बोलावले तर मी स्वतः येऊन नळी उचलून दाखवीन. उत्तराला उशीर झाला, त्याला माझ्याकडे सबब नाही.'

सोमवारी सकाळी त्याने लखोटा फाटकाजवळच्या टपालपेटीत ठेवला आणि टपाल न्यायचे आहे याची खूण म्हणून तिचा लाल झेंडा वर केला. आत आला. पुन्हा बाहेर गेला, पेटी उघडली, लखोट्यावरचा पत्ता वाचला, बंद केली. मग खिडकीपाशी उभा राहिला.

अकराच्या सुमाराला टपालाची गाडी थांबली. गाडीतल्या टपालवाल्या बाईने हात बाहेर काढून लखोटा घेतला, झेंडा खाली पाडला आणि चढ चढून निघून गेली.

लोवेल तिथेच उभा होता. व्हर्नाच्या हस्ताक्षरातली ती ओळ त्याचे बोट काचेवर सावकाश गिरवत होते.