सात गोट्यांचं घड्याळ

बेल किंचाळत होती आणि सुनंदा गुडघ्यांवर रांगत फरशीवरच्या गोट्या वेचत होती. दोन खाटेखाली, तीन पाटाच्या मागे, एक चुलीशी आणि एक थेट उंबऱ्यापाशी. डोळे अजून पुरते उघडलेले नव्हते, हातच काय ते जागे होते. सातवी गोटी पत्र्याच्या डब्यात पडली, डबा वजनानं खाली बसला आणि बेल बंद झाली.

मग तिनं गोधडीवर झोपलेल्या मंगीच्या कपाळाला हाताची मागची बाजू लावली. नंतर पोटाला, नंतर तळव्यांना. पोर गार होती. आठ दिवसांत नऊ महिन्यांच्या त्या जिवाला बेलची इतकी सवय झाली होती की तिनं कूससुद्धा बदलली नाही. सुनंदानं अलार्मचा काटा दोनवरून तीनवर सरकवला, डबा खुंटीवर बसवला आणि पुन्हा पोरीशेजारी आडवी झाली.

घड्याळ पुलापलीकडच्या चौथ्या गल्लीतल्या पितांबरनं बनवलेलं होतं. बसल्या जागी काही ना काही उचापत केल्याशिवाय त्या माणसाला अन्न गोड लागत नसे. देवपुरातल्या कॉलेजच्या एका पोरासाठी त्यानं तोंडावर तांब्याभर पाणी ओतणारं घड्याळ केलं होतं, आणि तोताराम दूधवाल्यासाठी अंगावरची चादर ओढून नेणारं. सुनंदाच्या घड्याळात अलार्मची किल्ली फिरली की दोरी गुंडाळली जायची, खुंटी निसटायची, डबा कलंडून गोट्या घरभर व्हायच्या आणि सेलवरची कॉलबेल सुरू व्हायची. साती गोट्या डब्यात परत पडेपर्यंत तिचं तोंड बंद होत नसे.

"वहिनी, ह्याच्यापुढे कुंभकर्ण हात जोडीन," पितांबर म्हणाला होता.

सुनंदा हसली नव्हती. घड्याळ पदराखाली घेऊन ती पुलावरून घरी आली होती.

एके काळी तीही हसायची. माहेरी, जामनेरला, तिच्या झोपेचे किस्से पाहुण्यांना चहाबरोबर मिळत. स्वतःच्याच हळदीत ती बसल्या बसल्या पेंगली होती, तर मामीनं हळदीची वाटी तिच्या डोक्यावर उलटी केली होती. कानाशी ढोल वाजवा, ही ढिम्म हलायची नाही. सासरी आल्यावर नवऱ्यानं, हिलालनंही, तिची थट्टा केली. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यापर्यंत केली.

त्या मे महिन्यात त्यांचा पहिला मुलगा, भटू, दीड वर्षाचा होता. रात्रभर किरकिर करून त्यानं तिला जागवलं होतं. दाढा येत असतील, असं वाटलं. हिलाल डेपोत कामावर गेला. दुपारी एकला ती पोराला कुशीत घेऊन पडली आणि उठली तेव्हा तीन वाजून गेले होते. भटूचं अंग तव्यासारखं तापलं होतं आणि डोळे वर गेले होते. दवाखान्यात डॉक्टरांनी हात पुसत सहज म्हणावं तसं म्हटलं,

"तासभर आधी आणायला हवं होतं."

तो तास तिच्या मानगुटीवर बसला तो बसलाच. कुणी तिला बोल लावला नाही. हिलाल तर तिच्या गळ्यात पडून रडला. सासू तानुबाई मात्र काहीच बोलली नाही, आणि सुनंदाला भीती होती ती त्या न बोलण्याची. मंगी झाल्यावर तानुबाईनं बाळंतिणीचं सगळं केलं. लाडू केले, दुपटी धुतली, शेक दिला. पण पोरीला कधी मांडीवर घेतलं नाही. कुणी हातात दिलीच तर हात ओला असल्याचं निमित्त काढायची, "मना हात ओला शे" म्हणून बाजूला व्हायची. सुनंदानं त्याचा एकच अर्थ लावला होता. हिच्या लेखी आपण पोर घालवलेली बाई आहोत, ही आपल्या पोरीलाही जीव लावणार नाही.

आता पुन्हा मे आला होता. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. आणि दुपार झाली की झोप तिच्यावर नेहमीसारखीच चाल करून येत होती. उभी राहिली तर उभ्यानं यायची, डोळ्यांवर पाणी मारलं तर ओल्या डोळ्यांनी यायची. स्वतःच्या देहाची इतकी धास्ती तिनं कधी घेतली नव्हती. म्हणून घड्याळ, म्हणून दर तासाला.

तीनची बेल झाली.

ती धडपडत उठली. खाटेखाली एक. दाराच्या फटीत दोन. मोरीत एक, तांदळाच्या डब्यामागे एक, गोधडीच्या काठाशी एक. सहा. डबा अधांतरीच राहिला आणि बेल वाजत राहिली. तिनं पुन्हा मोजल्या. सहाच.

मग तिनं मंगीकडे पाहिलं. मंगी जागी होती. गोधडीवर बसून आईकडे टकमक बघत होती. तोंड मिटलेलं होतं आणि गालाशी काहीतरी हलत होतं.

सुनंदाला बेलचं भान उरलं नाही. तिनं झडप घालून पोरीचा जबडा उघडला आणि बोट आत घातलं. लाळेनं भिजलेला दुपट्याचा कोपरा बाहेर आला. पण गोटी? गोटी खाली उतरली असली तर? तिनं मंगीला पालथं घातलं आणि पाठीवर थापा मारायला सुरुवात केली. पोर घाबरून टाहो फोडू लागली. रडणं निघतंय म्हणजे श्वास चालू आहे, एवढंही तिला सुचेना.

"सुनंदा! सुनंदा, हाई दख! मनाजोडे शे गोटी!"

सुनंदा उठायच्या आतच ओसरीतून आत येऊन गेलेली तानुबाई दारात उभी होती. तिच्या उघड्या तळहातावर निळी गोटी होती.

"पोरकडे जाई राहिनी व्हती. मी उचली लिधी."

तिनं पुढे होऊन गोटी डब्यात टाकली. बेल थांबली. मंगीचं रडणं तेवढं घरात उरलं, मग तेही हुंदक्यांवर आलं. सुनंदा पोरीला छातीशी घट्ट धरून भिंतीला टेकली.

"तुम्हाला बेलनं जाग आली का, अक्का?"

"जाग कसानी येस, माय? मी दुपारनी झोपसच नही."

"कधीपासून?"

"कधी झोपनू मी दुपारनी? नवी नवरी व्हती तव्हयपासून आदत नही..."

तानुबाईचं बोलणं तिथंच तुटलं. पदरानं तोंड पुसायला उचललेला हात तसाच राहिला. सुनंदा तिच्याकडे बघत होती.

"त्या दिवशीही?"

तानुबाई खाली बसली.

"तो कण्हत व्हता," ती फरशीकडे पाहत म्हणाली. "मी घरमा उनू, तेले उचलं. तू रातभर जागेल व्हती. माले वाटनं, झोपू दे बिचारीले."

"अंग तापलं होतं?"

"तापेल व्हतं. माले वाटनं, ऊन लागनं व्हई. मी कांदा फोडा, तेना पायले घासा. तो गप व्हई गया. माले वाटनं, बरं वाटनं तेले. मग तुनाजोडे ठेई दिधा."

"किती वाजले होते तेव्हा?"

"दोन."

सुनंदाला डॉक्टरांच्या त्या तासाचा हिशेब मांडावा लागला नाही. तिला वाटलं, आता आपल्याला हलकं वाटेल. मग वाटलं, या बाईचा गळा धरावा. दोन वर्षं आपण जळतोय आणि ही ओसरीत बसून बघतेय! पण समोर बसलेल्या त्या म्हातारीची मान अशी खाली गेली होती की राग धरायला कुठे जागाच सापडेना. आणि रागाच्या जागी जे आलं ते भयच होतं, पहिल्यापेक्षा थंड आणि मोठं. आजवर तिला वाटत होतं की जागं राहिलं की झालं. त्या दुपारी तर घरात एक माणूस टक्क जागं होतं.

"तव्हयपासून मी पोरले हात लावस नही," तानुबाई म्हणाली. "मना हातले कळस नही गरम का थंड. हाऊ हात खोटा शे."

मंगी आईच्या खांद्यावर नाक घासत होती. मग सुनंदा सासूसमोर बसली, तिचं सुरकुतलेलं मनगट धरलं आणि तो हात पोरीच्या कपाळावर ठेवला.

"सांगा."

तानुबाईनं डोळे मिटले. दारातून झळा आत येत होत्या.

"गरम शे," ती म्हणाली.

सुनंदानं स्वतःचा हात लावला. कपाळ किंचित कोमट होतं. आत्ता रडली ना इतकी, त्यामुळे असेल. नाहीतर उन्हाचं. ओठांपर्यंत आलेला तो शब्द तिला जिभेवर चटका बसावा तसा लागला. तिनं तो गिळला.

"चला," ती म्हणाली.

दोघी निघाल्या तेव्हा सव्वातीन होत होते. घराला कुलूप लावायचं राहिलं. सुनंदा अनवाणी होती, हे तिला डांबरावर आल्यावर कळलं आणि ती पळतच सुटली. दोनशे पावलांवर तिचे तळवे असे भाजले की ती कडुनिंबाच्या सावलीत मटकन बसली. तानुबाईनं मंगीला तिच्या हातातून घेतलं आणि पुढे गेली.

सुनंदा लंगडत पोहोचली तेव्हा दवाखाना बंद होता. पाटीवर संध्याकाळी पाचची वेळ होती. जाळीतून आतल्या बाकावर घोरत पडलेला कंपाउंडर दिसत होता. आणि जन्मात कधी कुणावर आवाज न चढवलेली तानुबाई पोरीला कडेवर घेऊन मोकळ्या हातानं दार बडवत होती, बडवत होती.

"ऊठ रे भाऊ! ऊठ! पाय पडस तुना, ऊठ!"