डावीकडची दांडी

गाडी पुन्हा तिथंच अडली.

भरतनं रिमोटची कळ मागे ओढली, पुढे ढकलली. उसाच्या आतून मोटरीची घरघर येत होती, पण गाडीवरच्या कॅमेऱ्यातून मोबाईलच्या पडद्यावर येणारं चित्र जागचं हलेना. दोन्ही बाजूंना ऊस, मधली सरी आणि सरीच्या टोकाला शेंदूर लावलेल्या वाघोबाच्या दगडाभोवती दाटलेलं उसाचं बेट. मग घरघरही थांबली.

बांधावर बसलेला ऊसतोड टोळीचा मुकादम हौशीराम कोयत्याच्या पात्यावरून अंगठा फिरवत म्हणाला,

“मोडली का दांडी?”

“मोडली.”

“डावीकडचीच आसंल.”

मागे बांधलेली नायलॉनची दोरी ओढत भरतनं गाडी बाहेर काढली. पुढचं डावं चाक लोंबत होतं. चाकाला गाडीशी धरून ठेवणारी काळ्या प्लास्टिकची बोटभर दांडी मधोमध मोडली होती. आधीच्या दोन्ही खेपांना मोडली होती, तशीच. त्या सरीत ना दगड होता, ना खुंट. भरत स्वतः जाऊन हातानं चाचपून आला होता.

गेल्या हंगामात याच फडात बिबट्याची पिल्लं निघाली आणि मादीनं टोळीतल्या एकाचा दंड फाडला. तेव्हापासून हौशीरामची माणसं आधी गाडी फिरल्याशिवाय कोयता लावत नसत. आवाजानं जनावर दुसऱ्या अंगानं निघून जाई. खेळण्यानं वाघ हाकतोय म्हणून सगळं महाळुंगे गाव भरतला हसलं होतं. आता तेच लोक ऊसतोडीला गाडी मागायला येत.

भरतची आई ठकूबाई बांधाच्या कडेला उभी होती. तिचा नवरा, भिमाजी, होता तोवर ते बेट कधी तोडलं जात नसे. सगळा ऊस तोडून ट्रॉली निघून गेली तरी दगडाभोवतीचा तेवढा तुकडा उभा राही. त्याला उठून जायला सवड पाहिजे, असं भिमाजी म्हणे. त्याला म्हणजे कुणाला, हे तिनं कधी विचारलं नाही. पुढे कधीतरी बेट आपोआप वाळून आडवं होई आणि मगच तिथं नांगर जाई.

“तेवढं ऱ्हाऊ दे भरत,” ती म्हणाली.

“टोळी परवा सांजंला पारगावला चालली आई. ऱ्हायलेला ऊस काय मी एकटा तोडू?”

“लई मोठं बेट हाय का ते? चार मोळ्या.”

“चार मोळ्यांसाठी आख्खं रान अडवून ठिवायचं व्हय?”

हौशीराम हसला. “म्हातारी म्हणती ते ऐका राव. न्हाईतर गाडी तरी धड करून आणा. गाडी गेल्याबिगर आमी काय आत जात न्हाई.”

दुसऱ्या दिवशी अश्विनीला मंचरला दवाखान्यात दाखवायचं होतं. सुनेला सातवा महिना, त्यामुळे ठकूबाईही सोबत गेली. परतताना भरतनं सुभाषच्या दुकानापुढे जीप थांबवली. बाहेर मोबाईलची कव्हरं टांगलेली, आत ड्रोनची, रिमोटच्या गाड्यांची दुरुस्ती. सुभाषनं चहा मागवला. ठकूबाईनं नेहमीसारखा पेला दोन्ही तळहातांत धरला; ऊब हातांत जिरवल्याशिवाय ती चहाला तोंड लावत नसे.

सुभाषनं काचेवर दोन दांड्या ठेवल्या. एक काळी, एक चकचकीत.

“हा प्लास्टिकचा आर्म. हा अ‍ॅल्युमिनियमचा.”

“मोडत न्हाई तो द्या.”

“आधी ऐका तर भरतभाऊ. प्लास्टिकचा मोडतो म्हणून गाडी वाचती. दणका तिथंच संपतो. अ‍ॅल्युमिनियमचा मोडत न्हाई, पण दणका आपल्यापाशी ठिवत न्हाई. पुढं देतो.”

“पुढं म्हंजी कुठं?” ठकूबाईनं विचारलं.

“जिथं कमजोर आसंल तिथं, आजी. गिअरबॉक्स म्हणा, सांगाडा म्हणा.”

ठकूबाईनं अश्विनीकडे पाहिलं. ती स्टुलावर बसून, एक हात पोटावर ठेवून, सुजलेल्या पायातली चप्पल सैल करत होती.

“प्लास्टिकचाच घे,” ठकूबाई म्हणाली. “तुझं आबा जुवाच्या शिवळा, बैलाच्या मानंजवळच्या त्या खुंट्या, मुद्दाम हलक्या लाकडाच्या घालायचं. बैल बिथरला तर शिवळ मोडावी, मान मोडू नये.”

“आई, ही गाडी हाय. हिला मान कुठंय?”

सुभाष हसला. “न्यायचा तर जोडीनं न्या.”

“उजवी कधी मोडली न्हाई. हा चकचकीत एकच द्या.”

सकाळी ठकूबाई सगळ्यांच्या आधी रानात गेली. बेटापर्यंत जायचं धाडस तिला झालं नाही. सरीच्या तोंडाशी तिनं भाकरीचा तुकडा ठेवला आणि डावा हात कडेच्या उसावर ठेवून, शेजारणीशी बोलावं तशी बोलली.

“पोरगं ऐकत न्हाई. घरात सगळ्यात जुनी, कमजोर मी हाय. लक्षात ठिव.”

आत कुठंतरी उसाचं वाळलेलं पाचट वाजलं. वारा नव्हता.

ऊन चढल्यावर टोळी आली. अश्विनीला घरी थांब म्हणून सांगितलं होतं, तरी ती चहाची किटली घेऊन आलीच. भरतनं गाडी सरीत सोडली. ठकूबाई त्याच्या खांद्यामागून पडद्याकडे बघत राहिली. गाडी त्या जागेपर्यंत नीट गेली, तिथं थांबली आणि डावीकडे कलली. कुणी चाक मुठीत धरावं तशी. मोटर किंचाळायला लागली.

“सोड,” ठकूबाई पुटपुटली. “माघारी घे.”

भरतनं कळ पुढेच दाबून धरली. चाक थरथरलं, सुटलं आणि गाडी बेटातून आरपार निघाली.

ठकूबाईनं आधी अश्विनीकडे पाहिलं. अश्विनी पेले मांडत होती. तिचा चेहरा शांत होता. आणि तेवढ्यात वाळक्या पाचटावर पाय पडावा तसा बारीक आवाज झाला.

अश्विनीनं मान वर केली. “काय वाजलं आत्या?”

“पाचट,” ठकूबाई म्हणाली. डावा हात तिनं उजव्या हातानं उचलून हळूच पदराखाली घेतला.

टोळी बेटात शिरली. जनावर नव्हतं, पिल्लं नव्हती. दगडाशेजारी पाचट गोल दबलेलं होतं. हौशीरामनं त्यावर तळवा टेकवला आणि चटकन उचलला.

“गरम हाय,” एवढंच तो म्हणाला, आणि टोळीनं भराभर कोयते चालवले.

भरत गाडी उलटीपालटी करून बघत आला. ओरखडासुद्धा नव्हता.

“बघ आई. कुठं काय झालं? आता उजवीकडचाबी अ‍ॅल्युमिनियमचाच आणतो.”

“नको. उजवीकडचा ऱ्हाऊ दे प्लास्टिकचा.”

“का आता?”

ठकूबाईच्या कपाळावर घाम होता, पण चेहरा गेल्या दोन दिवसांत नव्हता इतका मोकळा दिसत होता. अश्विनीनं चहाचा वाफाळता पेला तिच्यापुढे धरला आणि तिचे दोन्ही हात पुढे यायची वाट बघत थांबली.

ठकूबाईनं उजवा हात पुढे केला.