बिशपची खालची कडी

ग्लेनिस प्रोबर्टच्या पागेत सात घोडे होते. सहा लोकांचे, पैसे घेऊन सांभाळायला ठेवलेले, आणि सातवा तिचा स्वतःचा, बिशप. बुटका, रुंद पाठीचा, म्हातारा आणि पक्का बिलंदर. ओठांनी कडी सरकवून बाहेर पडायची विद्या तो कुठून शिकला, देव जाणे. रोज सकाळी तो असाच सुटायचा, अंगण ओलांडून स्वयंपाकघराच्या खिडकीशी यायचा आणि ग्लेनिसच्या मगातला चहा प्यायचा. घरात दुसरं माणूस नव्हतं, त्यामुळे न्याहारीला तिला सोबत बिशपचीच.

इंग्लंडमधल्या अर्ध्या हेरफर्डशर परगण्याला हे ठाऊक होतं, कारण ग्लेनिसनं हौसेनं फाटकावर पाटीच लावली होती: 'सावधान, बिशप कड्या उघडतो.' येणारे-जाणारे त्या पाटीपाशी फोटो काढत.

यंदा पागेचा विमा संपत आला आणि एजंट डेस्मंड प्यू जागा बघायला येणार असं ठरलं. हेस्टर, जिची घोडी या पागेत होती, सकाळीच सल्ला द्यायला हजर झाली.

"अगं, ती पाटी आधी काढ. आणि बिशपबद्दल चकार शब्द बोलू नकोस."

"आणि उद्या त्यानं तुझ्याच घोडीची कडी काढली, ती रस्त्यावर गेली, तर?"

"तर मी तुझ्यावर दावा लावीन," हेस्टर म्हणाली. "चहा पिऊन मग."

ग्लेनिस हसली खरी, पण एक शंका काही जाईना. बिशपला दुसरीकडे पाठवा, मगच विमा, असं प्यूसाहेब म्हणाले तर? तिनं पाटी उतरवून गवताच्या गठ्ठ्यांमागे सारली.

प्यूसाहेबांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन पॉलिसी मांडल्या.

"ही स्वस्तातली. वाटसरूला लाथ बसली, कुणाच्या गाडीला धडक बसली, तर आम्ही भरून देऊ. पण तुमच्या ताब्यातल्या घोड्यांना काही झालं तर आमचे हात वर."

"म्हणजे ज्यांच्यासाठी पागा चालवते तेच बाहेर?"

"तेच. या दुसरीत तेही येतात. पण तिथे विचारतात, एखाद्या घोड्याची काही खोड तुम्हाला ठाऊक आहे का."

टेबलाखालून हेस्टरचा बूट ग्लेनिसच्या घोट्यावर आपटला. ग्लेनिसला त्या सहा घोड्यांचे चेहरे दिसले. लोक किती विश्वासानं सोडून जातात त्यांना.

"आहे," ती म्हणाली. "बिशप कड्या उघडतो. तशी पाटी होती फाटकावर, आज सकाळीच लपवली मी."

"पाटी मी केव्हाच पाहिलीय, ग्लेनिसबाई," प्यू म्हणाले. "तुम्ही नाही म्हणाला असतात, तर मी चहा पिऊन निघून गेलो असतो. ठाऊक असून लपवलं तर विमा असून नसल्यासारखा. चला, दारं दाखवा."

प्रत्येक दाराला वर एक कडी आणि खाली एक, बुटाच्या टोकानं सरकवायची. तिथवर घोड्याचं तोंड पोचत नाही. सहा दारांच्या खालच्या कड्या वापरून चकचकीत झाल्या होत्या. बिशपची गंजून गेली होती.

"ही का नाही लावत?" प्यूंनी विचारलं.

ग्लेनिसचे कान लाल झाले. "लावली तर तो चहाला कसा येणार?"

प्यूंनी बिशपच्या मानेवर थोपटलं. "बिशप इथेच राहील," ते म्हणाले. "पण खालची कडी रोज लागली पाहिजे. ती अट मी सोडू शकत नाही."

ग्लेनिसनं दुसरी पॉलिसी घेतली. संध्याकाळी कडीला तेल घातलं आणि बुटानं ती सरकवली, तेव्हा तिला अगदी अपराध्यासारखं वाटलं.

सकाळी खिडकी रिकामी. टोस्ट ताटलीत तसाच राहिला. शेवटी मग आणि ताटली उचलून ती पागेत गेली. बिशपनं वरची कडी कधीच काढली होती आणि हलत नसलेल्या दाराला तो छातीनं रेटत होता. तिला बघून त्यानं कान मागे पाडले.

"रागावू नकोस रे बाबा. आजपासून मी येत जाईन."

त्यानं चहा प्यायला, निम्मा तिच्या बाहीवर सांडला. बादली पालथी घालून ती तिथेच बसली. टोस्टच्या वासानं एकेका दारातून मान बाहेर आली, सहाच्या सहा. इतकी वर्षं आपण एकालाच न्याहारीला बोलावत होतो, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं, आणि ती मनापासून सुखावली.

दुसऱ्या दिवशी ती किटलीच घेऊन गेली.