छतात बसवलेला सज्जा

गायिकेच्या नवऱ्याला गाण्यातलं काही कळत नसलं तरी चालतं. पण आपल्याला कळतं असं त्याला वाटायला लागलं, की मग कोणाचीच धडगत नसते. वाल्मीरला तसं वाटायला लागून बरीच वर्षं झाली होती. बायको जांदाइरा गायची आणि हा तिचा कारभार बघायचा, म्हणजे तिच्या आधी गाडीत बसायचा, तिच्या आधी जेवायचा आणि मुलाखतीत तिच्या आधी बोलायचा.

मी निवाल्दा. ब्राझीलमध्ये साल्वादोर शहरात, रिओ व्हेर्मेल्यो वस्तीत माझा छोटा स्टुडिओ आहे. आवाज, ढोल, गिटार, गर्दी हे सगळं माझ्याकडे वेगवेगळं रेकॉर्ड होऊन येतं. ऐकणाऱ्याच्या भोवती कोणी कुठं उभं राहायचं ते मी ठरवते. हल्ली त्यात डोक्यावरची जागाही आली आहे. माझ्या खोलीच्या छताला चार स्पीकर टांगलेले आहेत. ते दिसले की भल्याभल्यांचं नवी पिपाणी मिळालेल्या पोरासारखं होतं. घर डोक्यावर घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

यंदाच्या कार्निव्हलमध्ये जांदाइराचा ट्रक बार्राहून ओंदिनाला गेला, त्या मिरवणुकीचं सगळं रेकॉर्डिंग वाल्मीर प्लेट, म्हणजे अल्बम, करायला माझ्याकडे घेऊन आला. जांदाइरा ट्रकच्या टपावर, ट्रकच्या अंगाला स्पीकरच्या भिंती, दोरीच्या आत तिकिटाचे सदरे विकत घेऊन नाचणारे लोक आणि दोरीबाहेर फुकटची गर्दी. या बाहेरच्यांना आम्ही लाह्या म्हणतो, कारण ती माणसं तशीच उडतात. रस्त्याकडेला बड्या लोकांचे उंच सज्जे, तिथं गार हवा आणि वाढपी. सज्ज्यातल्या माणसाला कार्निव्हल बघायचा नसतो, आपण तो बघतोय हे खालच्यांना दाखवायचं असतं.

वाल्मीरचं म्हणणं होतं की छताचे चारही स्पीकर पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत वाजले पाहिजेत. जांदाइरा टपावर असते, तर तिचा आवाज वरूनच यायला हवा. ढोलसुद्धा वर टाकायचे, म्हणजे दणका बसेल. आणि सज्ज्यातल्या पाहुण्यांच्या टाळ्या तर वर हव्यातच, कारण तुम्ही आभाळातून ऐकू याल असा शब्द त्यानं त्यांना आधीच देऊन टाकला होता.

मी त्याला समजावून पाहिलं. रस्त्यावर उभ्या माणसाला तिचा आवाज वरून येतच नाही. तो ट्रकच्या भिंतीतून येतो आणि समोरून छातीवर आदळतो. माणसाचा कान पुढचं आणि बाजूचं चांगलं ओळखतो, वरचं त्याला फक्त हलकं, चमकदार असलं तरच नीट सापडतं. ढोल छतात टाकला की त्याचे पाय तुटतात, खालचा घुमारा जातो आणि वरचा स्पीकर नुसता खडखडतो. बहुतेक लोक ही प्लेट हेडफोनवर ऐकणार, तिथं छतातली गायिका शेजारच्या इमारतीत गातेय असं वाटतं. आणि मुख्य म्हणजे जे छत सतत वाजतं ते दोन मिनिटांनी कोणालाच ऐकू येत नाही. छत राखून ठेवायचं असतं, जिथं गरज पडेल तिथंच उघडायचं असतं.

"तू जुन्या वळणाची आहेस," वाल्मीर म्हणाला.

"निदान सज्ज्यावरचा माइक एकदा ऐकून घ्या," मी म्हणाले.

"कच्चा माल मी ऐकत नाही. स्वयंपाकघरात डोकावलं की जेवण जात नाही."

उचलली जीभ लावली टाळ्याला. तो माइक मी पहिल्याच दिवशी ऐकला होता. सज्ज्याच्या कठड्याला लावलेला, मिरवणूकभर चालू असलेला. त्यात ताटल्यांचा आवाज होता. चावणाऱ्या चपलांबद्दल एका बाईची तक्रार होती. कोणीतरी फोनवर घर विकत होतं. टाळी म्हणून एकही नव्हती. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आणि शेवटच्या गाण्यात त्या माइकमध्ये वाल्मीर होता.

झालं होतं असं. ट्रक सज्ज्यासमोर थांबला, कारण सज्ज्यात बसलेल्या जाहिरातदारांची नावं टपावरून घेण्याची आमच्याकडे रीत आहे. नावं घेऊन झाली, गाणं सुरू झालं, आणि ध्रुपदाच्या वरच्या पट्टीतल्या ओळीवर जांदाइराचा आवाज फुटला. चिरकला नाही, सरळ संपलाच. त्याच वेळी कठड्याशी उभा असलेला तिचा नवरा शेजारच्याला जे बोलला ते त्या माइकनं अगदी स्वच्छ टिपलं.

पुढं वाल्मीरनं बायकोला सांगितलं की दोष माइकचा होता. तिला माझ्याकडे आणून त्यानं तेवढी ओळ पुन्हा गाऊन घेतली. ओळ सुरेल आली, आणि घासलेल्या ताटलीइतकी कोरी. "रस्त्यावर फार वाईट वाटलं का गं?" असं तिनं मला विचारलं, तर उत्तर यानंच दिलं. "अगं, तू विशीतल्यासारखी गातेयस." तिनं विश्वास ठेवला. ही प्लेट रेकॉर्ड कंपनीनं उचलली तर पुढच्या वर्षी तिला ट्रक मिळणार होता, नाही तर तिचं गाणं संपल्यात जमा होतं. अशा वेळी माणूस बरं बोलणाऱ्यावरच विश्वास ठेवतो. मला त्या दिवशी इतका संताप आला की त्याच्यासाठी केलेली कॉफी मी मोरीत ओतली.

तिला सांगावं असं मनात आलं. पण मी सांगितलं असतं, तिनं त्याला विचारलं असतं, आणि त्यानं चार गोड शब्दांत मलाच खोटं पाडलं असतं. त्या कलेत तो वाकबगार. मग मी ठरवलं, की आपण आज्ञाधारक व्हायचं. साहेब म्हणाले चारही सतत, तर चारही सतत. साहेब म्हणाले सज्जा वर, तर सज्जा वर. एक अक्षर कापायचं नाही.

कंपनीच्या तकेदाबाई साओ पाउलोहून शुक्रवारी दुपारी ऐकायला येणार होत्या. मी या दोघांना सकाळीच बोलावलं. शुक्रवारी आमच्याकडे पांढरं घालतात, म्हणून दोघंही पांढऱ्या कपड्यांत आली. जांदाइराला मी मधल्या खुर्चीत बसवलं, वाल्मीर मागच्या कोचावर पसरला.

पहिल्या गाण्यापासून तो मांडीवर ताल धरून बसला. जांदाइरा मात्र वर बघायला लागली. दुसऱ्या गाण्यात तिनं हात करून थांबवलं.

"मी कुठंय?"

"वर," मी म्हणाले.

"मग समोर कोण आहे?"

"कोणी नाही."

"तेच तर!" मागून वाल्मीर म्हणाला. "आभाळातून येतेस तू."

तिनं मान हलवली, पण तिचा चेहरा बाजारात पोर हरवलेल्या बाईसारखा झाला होता. मी पुढं लावलं. शेवटचं गाणं आलं. ध्रुपदाची ती ओळ आली, कोरी आणि स्वच्छ. आणि त्याच वेळी मागच्या बाजूनं, छतातून, आमच्या तिघांच्या डोक्यावर वाल्मीर बोलला.

"गेला आवाज. बोललो होतो ना? एवढी प्लेट विकली जाऊ दे, पुढच्या वर्षी ट्रकवर रायानीला चढवतो. हिला बसवू घरी." आणि मग, तोंडात घास असताना, "कोळंबी संपली का रे?"

रायानी म्हणजे जांदाइराच्या मागं साथीला गाणारी तरुण पोरगी.

वाल्मीरची मांडीवरची थाप थांबली. "हे काढून टाक," तो म्हणाला. "काय गचाळ काम केलंयस हे."

"तुम्हीच म्हणालात, चारही सतत वाजले पाहिजेत."

"जांदा, हे धंद्याचं बोलणं असतं. त्या लोकांसमोर असं बोलावं लागतं, तुला..."

"परत लाव," जांदाइरा मला म्हणाली.

मी लावलं. तिनं पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्या वेळी तिनं छताकडे पाहिलंही नाही, समोरच्या भिंतीकडे बघत ऐकत राहिली. ती रडेल असं मला वाटलं होतं, आणि मला भीतीही वाटली, की हे मी कोणासाठी केलं? तिच्यासाठी की माझ्या रागासाठी? पण ती रडली नाही.

"खोटं फक्त माझ्याशी बोललास," ती त्याला म्हणाली. "तिथं खरं बोललास. आवाज गेलाच आहे. मला पण माहीत होतं, तू नाही म्हणत होतास म्हणून मी गप्प होते." मग माझ्याकडे वळली. "माझी फुटलेली ओळ ठेवलीयेस?"

ठेवली होती. छत बंद करून मी ती समोर, तोंडाच्या उंचीवर लावली. तिचा आवाज चढला, थांबला. एक क्षण नुसते ढोल. मग चहूबाजूंनी ती ओळ पुरी झाली.

"हे कोण गातंय?"

"लाह्या."

"सगळी ओळ?"

"सगळी. पुढचं कडवंही."

ट्रकवर तिच्या कानात बोंडं ठासलेली असतात, त्यांत तिला फक्त स्वतःचा आवाज आणि वाद्यं ऐकू येतात. इतकी वर्षं टपावर गाऊन तिनं खालचं गाणं कधी ऐकलंच नव्हतं. तिनं तोंडावर हात ठेवला आणि मला ते तीनदा लावायला लावलं.

मग ती फोन घेऊन व्हरांड्यात गेली आणि बराच वेळ बोलत राहिली. वाल्मीर कोचावर बसून मला माझी लायकी सांगत होता. मी काम करत होते. जांदाइराला समोर आणलं, ढोल जमिनीवर उतरवले, गर्दी कानांच्या उंचीवर भोवती ठेवली, आणि सज्जा पुसून टाकला. छत अख्ख्या प्लेटभर बंद. फक्त त्या एका ठिकाणी, तिचा आवाज थांबतो तिथं, ते उघडलं. वर टाकलं ते दिव्याच्या खांबावरच्या माइकमधलं, इमारतींवर आपटून परत आलेलं गर्दीचं गाणं. तेही सारखं नाही. त्या रस्त्याच्या एका अंगाला इमारती आणि दुसऱ्या अंगाला समुद्र. समुद्र काही परत देत नाही. म्हणून छताचे दोन स्पीकर मोठे आणि दोन जवळजवळ मुके.

तकेदाबाई वेळेवर आल्या. मोजकं बोलणाऱ्या बाई. डोळे मिटून त्यांनी सगळं ऐकलं. शेवटच्या गाण्यात ओळ फुटली तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी आली, आणि पुढच्याच क्षणी छत उघडलं तशी त्यांची मान आपोआप वर झाली.

"ही ओळ दुरुस्त का नाही केली?" संपल्यावर त्यांनी विचारलं.

"केली होती," जांदाइरा म्हणाली. "ऐकवण्यासारखी नव्हती."

"ही घेते मी, अशीच." त्यांनी चष्मा लावला. "पण स्पष्ट विचारते. पुढच्या वर्षी ट्रकवर हे कोण गाणार?"

वाल्मीर खाकरून पुढं सरकला. नाव त्याच्या ओठावर तयारच होतं.

"रायानी," जांदाइरा म्हणाली. "आत्ताच बोलले तिच्याशी. मी तिला शिकवणार आहे. आणि तिचा कारभार मीच बघणार, असं तिचं म्हणणं आहे. या गृहस्थांना ती नको म्हणाली. मलाही आता ते नको आहेत."

तकेदाबाईंनी वाल्मीरकडे एकदा पाहिलं आणि कागद जांदाइरासमोर सरकवले. वाल्मीर उठला, दार आपटून निघून गेला. थोड्या वेळानं ते दार हळूच उघडलं. गाडीची किल्ली जांदाइराच्या पर्समध्ये होती. ती सह्या करत होती, तिनं मान वर केली नाही, म्हणून तो कोचाच्या टोकाला बसून तिच्या सह्या होण्याची वाट बघत राहिला.