काळी बाळोती

"घेऊन जा तुझ्या लेकीला अंबरनाथला! बाळ राहील इथंच," माईंनी भावाला दारातच सुनावलं. "तिच्या दुधातच विष आहे, विष्णू. बघ ती बाळोती!"

विष्णुपंतांनी सगळं अंग वळवलं तेव्हा कुठे दोरी दिसली. पाठीचं पार लाकूड झालेलं. वय अवघं पंचेचाळीस, पण कारखान्यातले कारकून त्यांना चेष्टेनं 'फळकूट' म्हणत. दोरीवर काळ्या डागांची बाळोती वाळत होती. बदलापूरच्या या बहिणीच्याच मुलाला, हेमचंद्रला, त्यांनी मालिनी दिली होती. भाच्यालाच द्यायची, घरातली मुलगी घरातच राहते, म्हणून केवढ्या हौसेनं!

"बाबा, घासघासून धुते हो मी," मालिनी रडत म्हणाली. "कॅम्पातल्या सिंध्याच्या दुकानातून धुण्याचा सोडासुद्धा आणवला. सोडा घातला की आणखीच काळी पडतात!"

विष्णुपंतांचा हात आपसूक कानाकडे गेला. मागच्याच महिन्यात मुंबईच्या डॉक्टरांनी त्यांच्या काळवंडलेल्या कानाच्या पाळ्या पाहून भलतंच विचारलं होतं, "लहानपणी लघवी काळी पडायची का?" पाठही त्यानंच धरलीय, जन्माचं दुखणं आहे, म्हणाले. आई आणि बाप, दोघांच्याही रक्तातून आलं तरच मुलाला होतं. औषध नाही.

"माई, मला कडेवर घेऊन तूच वाढवलंस. माझी बाळोती कशी होती गं?"

माईंनी पदर तोंडाशी धरला. "अगं बाई! अशीच रे. आई राखेनं धुवायची, तर आणखी काळी व्हायची. दृष्ट काढून काढून थकली बिचारी. मी साफ विसरले होते."

"मग मालीच्या दुधाला कशाला नावं ठेवतेस? तिला हे माझ्याकडून आलं, हेमचंद्रला तुझ्याकडून. आणि सोयरीक जुळवली आपणच, पेढे वाटून!"

"म्हणजे बाळाचं पुढं..." माईंची नजर भावाच्या पाठीवर गेली. त्या उठल्या. मालिनीची ओसरीवर काढून ठेवलेली ट्रंक त्यांनी स्वतः ओढत आत नेली.

विष्णुपंतांना नातवाला उचलून घ्यावंसं फार वाटलं, पण वाकणार कसे? ते भिंतीला धरून उभेच राहिले. खाली गोधडीवर बाळानं आपला पाय दोन्ही हातांनी धरून तोंडाशी ओढला आणि अंगठा चोखायला सुरुवात केली.

"शी, घाण कुठला!" माई सवयीनं पाय सोडवायला गेल्या.

"राहू दे गं माई," विष्णुपंत कळवळून म्हणाले. "वाकतोय तोवर वाकू दे त्याला."