चहा कशावर झाला

पृथ्वीचं तापमान फार चढू द्यायचं नाही, असं जगातल्या जवळजवळ सगळ्या देशांनी मिळून ठरवलं आहे, आणि जबलपूर जिल्ह्यापुरती ती जबाबदारी विनता टेंबे यांच्याकडे होती. आत्ता मात्र त्या पनागरच्या पुढे, एका अंगणात, एका पायावर उभ्या होत्या. दुसरा पाय नव्या चपलेसकट शेणात गेला होता.

आपला देश दर दोन वर्षांनी जगाला लेखी कळवतो, की आम्ही धूर एवढा एवढा कमी केला. जग ते वाचतं, निदान ठेवून तरी घेतं. त्या अहवालात एक ओळ सुधारित चुलींची असते. योजनेतून या भागात घरोघर एकेक लोखंडी चूल वाटली होती. लाकूड निम्मं लागणार, धूर त्याहून कमी होणार. वाटल्या किती, हे गोदामवाल्यांना ठाऊक होतं. पेटतात किती, हे बघायला नेपियर टाउनमधल्या, कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर भरणाऱ्या एका संस्थेने विनताताईंना कंत्राटावर ठेवलं होतं. होम सायन्समध्ये एम.एस्सी. झाल्यावर चूल बघायची वेळ येईल, असं त्यांना कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं.

सुरुवातीला त्या सरळ विचारत. “वापरता का चूल?” या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर मिळतं, कारण फुकट मिळालेल्या वस्तूची तक्रार पाहुण्यापुढे करणं बरं दिसत नाही. एका घरात “रोज वापरतो जी” असं ऐकून त्या आत गेल्या, तर चूल कोनाड्यात, प्लास्टिकच्या वेष्टनातच, हळदकुंकू वाहून ठेवलेली. त्या दिवसापासून त्यांनी विचारणं सोडलं. जायचं, बसायचं, गुडघे दुखतात म्हणायचं. चहा येतोच. तो कशावर झाला, तेवढं बघायचं.

पद्धत साधी होती, पण खर्चिक होती. विनताताईंना मधुमेह, आणि पाहुण्याच्या चहात कमी साखर घालणं हा त्या गावांत अपमान समजतात. एकदा त्यांनी चहा नको म्हणून पाहिलं. मग काहीच पेटलं नाही आणि ते घर तपासणीतून गळलं. पुन्हा त्यांनी नको म्हटलं नाही. घरी श्यामसुंदरराव, म्हणजे यजमान, बँकेतून निवृत्त झालेले, रोज ऐकवायचे, “पृथ्वीचा ताप उतरवायला निघाली, अन् तुझी शुगर चढून राहिली. काहून पिते एवढा?” त्या गोळी घ्यायच्या आणि डबा भरायच्या.

यंदा मात्र चमत्कार झाला होता. ज्या घरी जावं तिथे चहा नव्या चुलीवर. नेपियर टाउनचा अंबरीश, ऑफिसचा प्रमुख, वयाने भाच्याएवढा आणि वागायलाही तसाच, फोनवर म्हणाला, “काकू, नव्वद टक्के होऊन राहिले. कमाल आहे. आता दुसरा टप्पा पक्का समजा, अन् तुमचं कॉन्ट्रॅक्टही.” निम्म्याहून कमी चुली पेटत्या निघाल्या तर जिल्हाच योजनेतून बाद होणार होता, आणि जिल्ह्याबरोबर विनताताईही. नव्वदच्या आनंदात त्यांनी चप्पल घेतली. ती आत्ता शेणात होती.

घर नर्मदाबाईचं. बाई मूळची वरुडकडची, लग्न होऊन इकडे आलेली. विनताताई मराठी बोलतात हे कळल्यावर तिने खाटेवर धुतलेली चादर अंथरली आणि लगबगीने नव्या चुलीवर आधण ठेवलं. चहाच्या वासात दुसराही एक वास येऊ लागला. चुलीच्या पोटावर योजनेचं स्टिकर होतं, चकचकीत. त्याच्या कडा वळत होत्या, मग ते काळं झालं आणि गळून पडलं. वर्षभर रोज पेटणाऱ्या चुलीवर स्टिकर राहत नाही. विनताताईंनी ते पाहिलं, पण त्या वेळी त्यांच्या मनात चपलेचा विचार जास्त होता.

“थोडी राख देता का? चप्पल घासून घेते.”

“आनतो नं ताई,” म्हणत नर्मदाबाई उठली, नव्या चुलीला वळसा घालून घरामागे गेली, आणि तिथल्या मातीच्या चुलीतली घमेलंभर राख घेऊन आली. राख अजून कोमट होती.

दोघींनी घमेल्यात पाहिलं. मग नर्मदाबाईने तोंडाला पदर लावला.

“मॅडम चा कशावर होते थे पायते, हे साऱ्या गावाले मालूम हाय. मनलं, पाऊन बरं वाटन तुमाले.”

“अन् ही काहून नाही वापरत?”

“चूल चांगली हाय ताई. पन तोंड पाहा तिचं केवढंसं. बोटाएवढ्या काड्या फोडा लागते. दिवसभर वावरात मरा, अन् मंग हिच्यासाठी काड्या फोडत बसा?”

विनताताईंनी चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. तो त्यांच्या मानासाठी झाला होता, आणि त्याचा दोष काही नव्हता.

त्यांना तिथेच थांबता आलं असतं. पद्धत त्यांचीच, वर्षानुवर्षं मान्य झालेली. चहा नव्या चुलीवर झाला, त्यांनी तसं लिहिलं, विषय संपला. त्याऐवजी त्यांनी ड्रायव्हर नथ्थूला सांगितलं, की सगळी गावं पुन्हा करायची आहेत. या खेपेला चहाला “आत्ताच झाला” म्हणायचं आणि राख मागायची. राख मागायला कारण लागतं, म्हणून प्रत्येक गावात शिरताना त्या शेण शोधू लागल्या.

“दीदी, गोबर बचा के,” पहिल्या दिवशी नथ्थू म्हणाला.

“बचाना नहीं है भैया, ढूँढना है.”

दोन गावांनंतर नथ्थू जीपच शेणाला लागून उभी करू लागला.

राखेला पाहुण्यांची रीत माहीत नसते. ती जिथे असते तिथूनच आणावी लागते. दहा घरांपैकी सात घरांत ती मागच्या मातीच्या चुलीतून आली. उरलेल्या तीन घरांत नवी चूल खरोखर पेटत होती, आणि त्या प्रत्येक घराच्या ओसरीवर एक म्हातारा बसून काड्या फोडत होता. विनताताईंनी निष्कर्ष लिहिला: सुधारित चुलीचा वापर घरात रिकामा सासरा असण्यावर अवलंबून आहे.

अंबरीशने तो कागद दोनदा वाचला. खालून स्पर्धा परीक्षेच्या वर्गाचा आवाज येत होता.

“काकू, हे मी दिल्लीला इंग्रजीत कसं पाठवू?”

“पाठव कसंही. खरं आहे.”

“देखिए, मी काही खोटं लिहा असं नाही म्हणून राहिलो. तुमच्याच चहाचे नव्वद आहेत. पाहिलं ते लिहा, बस.”

“ते माझ्यासाठी पेटवलेलं होतं, अंबरीश. मी उठले की लोक विझवत होते.”

अंबरीश हळू आवाजात म्हणाला, “दुसरा टप्पा जाईल. तुम्हीही जाल. समजून राहिल्या ना?”

“समजून राहिले. अन् मोठ्या तोंडाची चूल पाहिजे, हेही लिही. बाईचं नाव नको घालू.”

अंबरीश वाईट माणूस नव्हता. त्याने चष्मा पुसला, घरी फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं, आणि सगळं होतं तसं लिहिलं. सासऱ्यासाठी इंग्रजीत ‘घरातील उपलब्ध ज्येष्ठ श्रमशक्ती’ अशा अर्थाचा शब्द त्याला सापडला.

जिल्हा योजनेतून बाद झाला. मार्चअखेर विनताताईंचं कंत्राट संपलं. त्या दिवशी श्यामसुंदररावांनी चहा केला, बिनसाखरेचा, आणि कप त्यांच्यापुढे ठेवून स्वतः ओट्यापाशीच उभे राहिले.

पुढच्या वर्षी देशाचा अहवाल निघाला. अंबरीशने तो मोबाइलवर पाठवला. विनताताईंनी चष्मा लावून चुलींची ओळ शोधून काढली. सगळ्या देशाच्या चुली त्या एका ओळीत होत्या, आणि वाचलेला धूर कोटी टनांत दिला होता, दशांशचिन्हापुढे एकच आकडा. जबलपूर जिल्ह्यातल्या सगळ्या चुली पेटल्या असत्या किंवा एकही पेटली नसती, तरी तो आकडा तोच आला असता.