मुनीची बडबड

"थांब," बाई म्हणाल्या आणि त्यांनी झुलणारी बॅग दोन्ही हातांनी धरली. "सकाळी काय खाल्लंस?"

मुनीने दंडानेच कपाळावरचा घाम पुसला. "अंडी."

"किती, कशी केली, कोणी केली, सगळं सांग. पण ठोसे मारता मारता. बोलणं थांबलं तर मारणंही थांबेल."

मुनीने दाराकडे पाहिलं. दाराशी खुर्ची टाकून मामा बसला होता. त्याने भाच्याची नजर चुकवून वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं.

हेवीवेट गटात मुनीचा दबदबा होता. त्याचं नाव लढतीच्या फलकावर लागलं की समोरचा माघार घ्यायला निमित्त शोधायचा. बोलणं मात्र इतकं कमी, की जिममध्ये त्याला कोणी खऱ्या नावाने हाक मारतच नसे. त्याची आई तो शाळेत असतानाच गेली. मामाने त्याला घरी आणलं, वाढवलं, त्याच्या हातांत ग्लोव्ह्ज चढवले. लढत जिंकल्यावर दोन शब्द बोलायचे असत, तेही मामाच बोलायचा. यंदा मामाच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्याला रिंगच्या कोपऱ्यात उभं राहायला साफ मनाई केली. मग मुनीच्या बायकोने चौकशी करून या बाईंना आणलं. बाई स्वतः एकेकाळी लढलेल्या. उंचीने जेमतेम मुनीच्या छातीपर्यंत.

"पस्तिशीच्या तयार माणसाला काय नवं शिकवणार तुम्ही?" मामाने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "त्याच्या ठोशात खोट आहे का?"

"ठोशात नाही. मारताना तो श्वास कोंडून धरतो. म्हणून शेवटच्या फेऱ्यांत त्याचे हात खाली येतात."

"ते मी त्याला हजारदा सांगितलंय."

"सांगून ते सुटत नाही, मामा. पण बोलत्या माणसाला श्वास कोंडता येत नाही."

तेव्हापासून मामा रोज येऊन दाराशी बसायचा आणि वर्तमानपत्राचं पान क्वचितच उलटायचा.

सुरुवातीला मुनी एकेक शब्द खोकल्यासारखा बाहेर काढायचा. ठोसा, शब्द, ठोसा, शब्द. अंड्यांचा विषय संपला की त्याची पंचाईत व्हायची. मग कधीतरी घरचा गळका नळ निघाला. नळ दुरुस्त करायला आलेला माणूस नळ तोडून गेला, ते सांगताना मुनीला हसू आलं आणि हसता हसता त्याने बॅगवर अशी सरबत्ती केली की वरची साखळी करकरली. नळानंतर मुलीचा पडलेला दात आला, सासूबाईंचं घोरणं आलं. हात चालत होते, तोंड चालत होतं आणि दम टिकत होता.

एका दुपारी मुनीची बायको जिममध्ये आली. तक्रार घेऊन आली असणार, असं वाटून बाई उठून उभ्या राहिल्या.

"बाई, हे आता घरीही बोलतात," ती म्हणाली. "भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना. काल माझा डोळा लागला तरी यांचं चालूच."

"मग बंद करायला सांगू?"

"नको, नको," ती घाईघाईने म्हणाली आणि लाजली. "मी नुसतं सांगायला आले होते."

लढतीच्या दिवशी समोर एक तरणाबांड गडी होता, अजून एकदाही न हरलेला. मामा पहिल्या रांगेत बसला, गुडघे घट्ट धरून. तिसऱ्या फेरीत मुनीच्या बरगडीवर जबर ठोसा बसला, तेव्हा मामाने डोळेच मिटले. उघडून पाहतो तर मुनी उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते. त्या पोराने रेफरीकडे तक्रार केली. रेफरीने जवळ जाऊन कान दिला, क्षणभर गोंधळला, आणि "जरा हळू बोला," एवढंच म्हणून मागे सरला. शेवटच्या फेरीत मामा सवयीने मुनीचे हात खाली येण्याची वाट पाहत राहिला. ते आलेच नाहीत. दमला तो पोरगा. तिन्ही पंचांनी कौल मुनीच्या बाजूने दिला.

निवेदक नेहमीप्रमाणे माइक घेऊन दोरांवरून मामाकडे वाकला. मामाचाही हात पुढे झाला. तो माइक मुनीने मध्येच घेतला.

"मला मामाबद्दल सांगायचंय," तो म्हणाला. "त्याने मला पहिल्यांदा जिममध्ये आणलं ना, ते सायकलवरून. म्हणजे, आधी त्या सायकलचंच सांगायला हवं. ती मुळात शेजारच्या काकांची, आणि त्या काकांना एक खोड होती..."

कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. मुनीही हसला आणि काकांच्या खोडीकडे वळला. काकांनंतर काकांचा कुत्रा आला.

बाई रिंगवरून उतरून मामाजवळ आल्या. "आवरायला सांगू का त्याला? दिवेवाले खोळंबलेत."

मामाने रिंगवरची नजर काढली नाही.

"थेट माझी ताई," तो म्हणाला. "तीही अशीच. एक सांगायला निघायची आणि वाटेत दिसेल त्याच्या घरी डोकावून यायची."

त्याने शेजारच्या खुर्चीवरचा आपला कोट उचलून मांडीवर घेतला.

"बसा, बाई," तो म्हणाला. "सायकल अजून बरीच लांब आहे."